नम्रताने चालवलेली गाडी

मी, प्रेमला उत्तरेश्वर ओव्हाळ, वय ७२, राहणार पर्वती पायथा, पुणे, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. ज्यांना शंका येईल त्यांच्यासाठी डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगा अनिरुद्ध यास मिळाव्यात.

२. दीर धोंडिबा यांना शिकाऊ गाडीवरची 'एल'ची जुनी पाटी द्यावी. "बाईमाणसाकडे ड्रायव्हिंग शिकायला कोण येणार?" असं ते वर्षानुवर्षं म्हणत. त्यांच्या दोन्ही सुना माझ्याकडेच शिकल्या.

३. शनिवार पेठेतलं माझं ड्रायव्हिंग स्कूल, गाडीसह, नम्रता संजय भालेराव हिला द्यावं. ती रुग्णवाहिका चालवते. अनिरुद्ध, परक्या मुलीला का, असं तू विचारशील. म्हणून लिहिते.

२०१२ साली तिचा आठवा धडा चालू होता. तुझ्या बाबांना वाटेत पोस्टात सोडायचं होतं, ते मागे बसले होते. स्वारगेटच्या चौकात म्हणाले, "प्रेमला, छातीत कळ येतेय." नम्रताला उठवून स्टिअरिंगवर बसायचं म्हणून मी खाली उतरले. जन्मभर लोकांना 'घाबरू नका' सांगणारी मी दार धरून उभीच राहिले. मागे बसचे हॉर्न.

"बाई, तुम्ही काकांजवळ बसा. मी नेते," नम्रता म्हणाली.

माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो ती सीट रिकामीच राहिली. सेकंड गिअरमध्ये, गाडी एकदाही बंद न पाडता, तिने सदाशिव पेठेतल्या दवाखान्याचं दार गाठलं.

सगळ्यांना वाटलं, मीच नेलं. सोसायटीने सत्कार केला. मी शाल घेतली. तुझ्या बाबांना सगळं माहीत होतं, त्यांनी मला कधी उघडं पाडलं नाही. नम्रताला म्हटलं, "खरं सांगून टाकू." ती म्हणाली, "राहू द्या हो बाई. काका घरी आले ना?"

ते पुढे सहा वर्षं जगले. ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तू माइकवर म्हणालास, "आईने गाडी चालवून बाबांना वाचवलं." मागच्या रांगेत बसून नम्रताने मान डोलावली. मी तेव्हाही गप्प राहिले. त्याची लाज वाटते.

४. हे कागद नम्रताला वकिलाकरवी पाठवू नयेत. अनिरुद्ध, सूनबाई पूर्वाला घेऊन तू स्वतः तिच्या घरी जा. "त्यात काय एवढं," असं ती म्हणेल. लगेच उठू नकोस. तुझ्या बाबांची ती सहा वर्षं कशी गेली, हे तिला निवांत सांग. तिने कधी विचारलं नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला व दोघांसमक्ष सही केली.

सही: प्रेमला उ. ओव्हाळ

साक्षीदार:
डॉ. ऋचा केळुसकर (सही)
पुष्कर जगदाळे (सही)

पुणे, दि. १२ जानेवारी २०२५