पालथा हंडा

सॅन होजे, १२ फेब्रुवारी २००१

ती. स्व. हेमाआत्यास,
केदारचा दुरून दंडवत.

तू ई-मेल उघडत नाहीस, म्हणून हा कागद. डिसेंबरात तू मला येरवड्याच्या वस्तीत नेलंस, तेव्हा पहाटे एका नळापुढे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका पाहिल्या. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आम्ही इथल्या पुण्याच्या मुलांनी वर्गणी काढली आहे. घरोघरी नळ, पाइपापासून तोटीपर्यंत सगळा खर्च आमच्याकडे. तू वीस वर्षं तिथे खपते आहेस, पण खरं सांग, सभा-मोर्च्यांनी किती बदललं? एकदा रिझल्ट दाखवूया. रागावू नकोस, आणि चकल्या पाठव.

तुझा लाडावलेला भाचा,
केदार

पुणे, ३ मार्च २००१

चि. केदारला आशीर्वाद, आणि सोबत थोडी कानउघाडणी.

माझ्या वीस वर्षांचा निकाल तू एका ओळीत लावलास. संगणकवाल्यांना वेळ कमी असतो, हे मी समजून घेते. आता ऐक. तो नळ म्हणजे आमचं सभागृह आहे. पाणी येईपर्यंत बायका रांगेत असतात आणि वस्तीतला प्रत्येक निर्णय तिथेच होतो. म्हणणं पटलं तर बाई हंडा पुढे सरकवते, नाही पटलं तर पालथा घालते. दारूचा गुत्ता असाच हटला. वस्तीच्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या एका बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला. एकीला एक सांगितलं, दुसरीला दुसरं. दुसऱ्या दिवशी रांगेत त्याच्या थापा उघड्या पडल्या आणि त्याला हात हलवत परतावं लागलं. सभेला बोलावून या बायका येत नाहीत रे, पाण्यासाठी येतात.

हे सगळं मी रांगेत मांडलं, तर चंद्रभागाच माझ्यावर उलटली. ती यवतमाळकडची, माझा उजवा हात. तिने मला विचारलं की तुमच्या सभेसाठी माझ्या पोरीने शाळा बुडवून हंडे वाहायचे का, आणि बाई, तुम्ही कधी हंडा उचलला का. तिने आपला हंडा पुढे सरकवला. मागोमाग सगळ्यांचे सरकले. तेव्हा पाठव नळ. नारळ मी फोडीन, पण मला भीती वाटते हे लिहून ठेवते.

चकल्या दिवाळीला मिळतात, मार्चमध्ये नाही.

तुझी आत्या

पुणे, ९ नोव्हेंबर २००३

चि. केदार, आशीर्वाद.

वस्ती गेली.

नळ आले तेव्हा सगळ्या खूश होत्या, मीही होते. मुली वेळेवर शाळेत जायला लागल्या, बायकांना तासभर जास्त झोप मिळाली. त्या सुखाला मी नावं ठेवणार नाही. मी रविवारी बालवाडीत सभा बोलवायची. आधी दहा-बारा जणी यायच्या, मग तीन, मग मी आणि चंद्रभागा. या पावसाळ्यात बिल्डरचा माणूस पुन्हा आला. दुपारी, एकेका दारात, एकेकीला गाठून. शेजारणीने जागा सोडायला संमती दिली आहे, तू एकटीच रस्त्यावर येशील, एवढंच तो सांगत फिरला. शेजारणीला विचारायला कोणी गेलं नाही. रांग असती तर ही थाप दुसऱ्या हंड्यापर्यंत टिकली नसती. चंद्रभागाला त्याने सांगितलं की हेमाबाईंनीच होकार दिलाय. तिने अंगठा दिला. मला विचारलंसुद्धा नाही, याचा मला फार राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं.

आता तिथे तुमच्यासारख्यांसाठी काचेची इमारत उठते आहे. बायकांना वाघोलीच्या पलीकडे खोल्या दिल्या आहेत. चंद्रभागा चौथ्या मजल्यावर. नळ आहेत, पाणी नाही. टँकर येतो.

बाकी ठीक.
आत्या

सॅन होजे, २ डिसेंबर २००३

ती. स्व. आत्या, नमस्कार.

वाचून सुन्न झालो. पण फसवलं बिल्डरने, आणि तू चिडलीस नळांवर, हे काही पटत नाही. असो. मित्रांशी बोललो. वाघोलीला पंप, गच्चीवर टाकी आणि प्रत्येक मजल्यावर पाणी, सगळं करून देतो. शिवाय एक कॉम्प्युटर देतो, म्हणजे बायकांना एकमेकींशी संपर्क ठेवता येईल. या वेळी सस्टेनेबल करू. तू फक्त त्यांना विचार.

राग ओसरला की दोन ओळी लिही.
केदार

पुणे, १८ जानेवारी २००४

चि. केदार, आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.

तू विचारायला सांगितलंस, मी विचारलं. टँकरच्या रांगेत उभं राहून तुझं पत्र वाचून दाखवलं. कॉम्प्युटरला बायका मनापासून हसल्या, तेवढं तुझ्या पदरी पुण्य. मग हंडे पुढे सरकले. मला वाटलं होतं की या वेळी तरी त्या थांबतील, वाघोलीला आल्यापासून रांगेत पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. खोल्यांचे कागद अजून हातात नाहीत, ते मागायला सगळ्यांनी मिळून जायचं एवढ्यात ठरत होतं. पण चार जिने पाणी चढवणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडाने थांब म्हणू?

फक्त एक हंडा पालथा होता. चंद्रभागाचा. तिचे गुडघे गेले आहेत, जिन्यात ती दर मजल्याला बसते. तरी तिने तो सगळ्यांच्या आधी पालथा घातला आणि मागे वळून पाहिलं. कोणीच घातला नाही.

बहुमत म्हणजे बहुमत, ते मीच त्यांना शिकवलं. तेव्हा नळ पाठव. नारळ फोडायला दुसरं कोणी बघ. आणि चंद्रभागाच्या खोलीत तोटी बसवू नकोस. तिने सांगितलंय की खाली जिन्यापाशी एक नळ ठेवा, मी तिथेच भरीन, पहाटे एखादी आलीच तर भेट होईल.

आत्या