डब्यासाठी सरकवलेल्या पट्ट्या

सोम., १२ मे
आठवडाभर तापवलेल्या इन्सुलेशनच्या पट्ट्या ओव्हनमधून काढल्या. इतकी उष्णता सोसूनही केबलचं वेष्टण ताणलं गेलं पाहिजे. पुढच्या दोन ताणल्या गेल्या. मागच्या तीन वाकवताच तुटल्या, वाळल्या कुरडईसारख्या. माल नापास. साहेब म्हणाले, "प्लास्टिकमध्ये उष्णता सोसायची पावडर नीट मिसळली नाही. मिक्सरवर कोण?" बन्सीकाका. मी नोंद केली.

मंगळ., १३ मे
मागच्या तिन्हींवर हीटरच्या जाळीचे डाग आहेत. त्या जाळीला टेकल्या होत्या. मीच सरकवल्या, डब्याला जागा हवी म्हणून. डबा बन्सीकाकांचा. गार भाकरी त्यांना सोसत नाही, म्हणून रोज दुपारी ओव्हनमध्ये ठेवतो. दारावर मनाईची पाटी, तरी सगळेच ठेवतात. गरम हवा वेगळी, लाल तारेची थेट झळ वेगळी. हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तरी...

बुध., १४ मे
काकांना मिक्सरवरून काढलं. आता ते गेटपाशी रिकामे ड्रम लावतात. महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट संपतं. साहेब वाढवणार नाहीत म्हणे. फोर्कलिफ्टवाला शेख जाता जाता, "चाचा, मिक्सर घुमाया था या खाली भजन किया?" काका हसले. मला म्हणाले, "आज डबा गारच का रं? ओव्हन बिघडला व्हय?"
"व्हय," म्हणालो. चालूच होता.

शुक्र., १६ मे
धीर करून म्हणालो, "काका, तुमची चूक नसंल."
"असंल रं. घाईत मशीन आधीच बंद केलं असंल. आधी आठवत नव्हतं. आता तर दिसतंय बी, बटनावर माझाच हात."
साहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा गेलो. एकदा फोनवर होते. दुसऱ्यांदा रिकामे होते, मीच वळलो. आईला नोकरी पक्की होणार असं सांगून बसलोय.

शनि., १७ मे
सुट्टी झाल्यावर काकांनी थांबवलं. माफीनामा दिला तर साहेब ठेवून घेतील, असं त्यांना कोणी सांगितलंय. "तू शुद्ध लिहितोस. माझं अक्षर साहेबाला लागायचं नाय."
स्टँडवरच्या बाकावर बसून लिहिलं. ते सांगत गेले. मधेच म्हणाले, "लई लांबवू नको. चूक माझी, एवढंच."
सगळं लिहून झालं. खाली नाव घालायचं राहिलं. "घरी नीट उतरवून आणतो," म्हणून कागद घेऊन आलो. सोमवारी द्यायचा आहे.
उतरवला. नाव अजून घातलेलं नाही.