आपल्या खाडीपुढचं शून्य

प्रिय दादा,

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच चुलीत घालशील, ही भीती आहेच. म्हणून वर वहिनीचं नाव घातलंय. ती वाचून दाखवेल. तसाही चष्मा न लावण्याचा तुझा हट्ट अजून सुटला नसणार.

माझं बरं चाललंय. तीच तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. ती भरून वाहायला लागली की डोळे मिटून बसतो. क्षणभर भरती चढल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी मोटार बंद करतं. सकाळी देवापुढे थोडा वेळ बसतो आणि कामाला जातो. एकटा जीव सदाशिव. रविवारी मात्र दिवस सरता सरत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाकडे एक काम आलं. सगळ्या किनाऱ्याची आणि समुद्राची किंमत काढायची. हसू नकोस. मासे किती विकले जातात, मीठ किती पिकतं, बंदरात माल किती उतरतो, फिरायला येणारे काय खर्च करतात, इतकंच काय, काठावरची झाडी लाटा अडवते तिच्या जागी भिंत बांधायची तर किती पैसे लागतील, सगळं मांडायचं. साहेब म्हणतात, जे मोजलं जात नाही तेच सगळ्यात आधी बुडवलं जातं. मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. टंकलेखन करणाऱ्या बाई मात्र म्हणाल्या, मग एकदा माझ्या स्वयंपाकघराचीही मोजणी करा की, वीस वर्षं फुकटात चाललंय.

माझ्याकडे गावोगाव फिरून घरटी एक तक्ता भरायचं काम होतं. गुरुजींनी छडीच्या धाकाने घोकून घेतलेली पावकी-निमकी इथे उपयोगी पडली. हिशेबाचं यंत्र उघडेपर्यंत माझी बेरीज झालेली असायची. तक्त्यात शेवटचा एक प्रश्न होता. हा किनारा उद्या राहिला नाही, तर किती पैसे मिळाले म्हणजे भरपाई झाली असं तुम्ही म्हणाल? कुणी हसायचं, कुणी तोंडाला येईल तो आकडा सांगायचं. एका गावात एक म्हातारी मासळी वाळत घालत होती. तिने हात न थांबवता मलाच विचारलं, तुझ्या आईचे किती घेतले होतेस रे? रागाने नाही, बाजारात भाव विचारावा तसं. मी पेनाचं टोपण लावलं आणि तिच्या अंगणातून निघालो.

दादा, आईला दवाखान्यासाठी मी इकडे आणली, त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण ती बरी होत नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावरही मी तिला परत पाठवली नाही, हे चुकलं. ती म्हणायची, गाज ऐकू येत नाही, झोप कशी लागणार? मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात जाऊ. असे सहा आठवडे गेले. शेवटी तिला गावी नेऊन अग्नी दिल्यावर तू सगळ्यांदेखत म्हणालास, पाण्यावाचून मारलीस तिला. मी मिळाली त्या गाडीने निघून आलो आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

म्हणजे, एकदा आलो होतो. गेल्या वर्षी आपल्या गावाचे तक्ते भरायची पाळी माझ्यावर आली. शाळेपाशी उतरलो. तिथल्या कट्ट्यावरून खाली तुझी होडी दिसली, डांबर लावून पालथी घातलेली. तू पाठमोरा बसून जाळं सांधत होतास. खांदे बाबांसारखे झालेत तुझे. तासभर बसलो, पाय उचलला नाही, आणि आलेल्या गाडीने परत फिरलो. अकरा घरांचे अकरा तक्ते मी या खोलीत बसून भरले. माणसं, होड्या, जाळी, सगळं मनानेच लिहिलं. विक्रीच्या रकान्यात शून्य घातलं, कारण आपल्या खाडीतलं कुणी विकतच नाही. आधी घरात, मग शेजारी, मग ज्यांच्याकडे होडी नाही त्यांच्याकडे. मला वाटलं, खरं तेच लिहितोय. खाल्लेलं आणि वाटलेलं नोंदवायला पुढचं पान होतं, पण ते एकेक दिवस विचारून भरायचं असतं. विचारणार कुणाला? पान कोरं राहिलं. आणि यंत्र कोऱ्यालाही शून्यच समजतं.

गेल्या महिन्यात नकाशा छापून आला. जिथे किंमत जास्त तिथे गडद निळा रंग. आपली खाडी पांढरी आहे, दादा. तिच्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, मालधक्क्यासाठी योग्य जागा. कुणाचा डाव नाही यात. ते पांढरं मी केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. चौकशी होईल, नोकरीचं देवाच्या मनात असेल ते होईल. नकाशा पक्का व्हायला महिनाअखेरपर्यंत अवकाश आहे, तोवर फेरमोजणी करू म्हणाले. पण मला त्यात हात लावता येणार नाही. गुरुवारी सकाळी आमच्या कार्यालयातली एक मुलगी वही घेऊन तुझ्या दारात येईल. कागद घेऊन येणाऱ्याला तू कुंपणापासूनच कसा पिटाळतोस ते मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. तिला पिटाळू नकोस. बसायला दे. कुणाच्या घरी कधी किती मासळी पोचवतोस ते सगळं सांग, लाजू नकोस. बाकीची दहा घरंही तुझं बघूनच बोलतील. शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ. पण पहिल्याच पानावर ती विचारेल, कुटुंबात माणसं किती? कामासाठी बाहेर राहणारंही त्यात धरतात. मी मागे चार लिहिली होती, मला सोडून. तिला वाट दाखवायला मी शाळेपर्यंत येणार आहे, पुढे येणार नाही. कट्ट्यावर बसेन. ती परत आली की आधी तेवढाच आकडा बघेन.

तुझाच,
धाकटा