विलायती कुत्र्यांसाठी माझे मौन

१ जानेवारी १९८६
नवी डायरी. कंपनीने दिलेली, कव्हरवर पंपाचे चित्र. ही कोणासाठीही लिहीत नाही. पुढे चरित्रकार मागतील, पण दोनदा मागितल्याशिवाय द्यायची नाही.

यंदाचा संकल्प एकच. सव्वीस जानेवारीचे भाषण. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ध्वजवंदनाला गेली नऊ वर्षे मीच बोलतो. मागच्या वर्षी दीड तास बोललो, दोन मुलांना भोवळ आली. विषयच तसा जबरदस्त होता. आमचा सेक्रेटरी श्यामसुंदर म्हणतो, ऊन लागलं. तो अकाउंट्सचा माणूस, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवणार?
यंदाचा विषय: प्रजासत्ताक, रोम ते मुलुंड.

४ जानेवारी
जेवताना नीलाने बॉम्ब टाकला. नववीचा तिचा वर्ग इंग्लंडमधल्या बेवारशी कुत्र्यांसाठी मदत गोळा करणार आहे! तिची पेनफ्रेंड ज्युडी तिथे कुत्र्यांच्या आश्रमात रविवारी काम करायला जाते. कडाक्याची थंडी आहे आणि पांघरुणे पुरत नाहीत, असे तिने कळवले म्हणे.

मी ताटावरून उठलो. दीडशे वर्षे आमच्यावर राज्य केलं, आता त्यांची कुत्रीही आम्हीच पोसायची का, असा सवाल केला. नीला म्हणाली, बाबा, राज्य कुत्र्यांनी नव्हतं केलं. मी म्हणालो, हा मुद्दा तपासून पाहावा लागेल. माझी बायको वसुधा म्हणाली, तपासा, पण आधी बसा, भात गार होतोय.
बसलो. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. एक पैसा देणार नाही.

७ जानेवारी
शाळेच्या मुख्याध्यापिका सुहासिनीबाईंचा निरोप. शनिवारी पालकसभा आहे, कुत्र्यांचा विषय मांडायला कोणी बोलणारे हवे.
मी मूळचाच विश्वबंधुत्ववादी. थंडीला पासपोर्ट लागत नाही! (हे वाक्य फार चांगले जमले. तीन वेळा वापरायचे.)

११ जानेवारी
पालकसभा गाजली. माणसाने पहिला कुत्रा पाळला तिथपासून सुरुवात केली. मी इंग्लंडला पोचलो तेव्हा सभागृहात सुहासिनीबाई, शिपाई आणि मदतीची पेटी एवढेच उरले होते. लोक आतून हलले की त्यांना एकांत लागतो.

पेटीत एक बसचे तिकीट आणि शर्टाचे बटण निघाले. नीलाने पेटी काखेत घेतली. आमच्या खाली राहणारे गुणाजी, गिरणीतून निवृत्त झालेले, ते मात्र दारात थांबले होते. तिच्या हातात नोट ठेवून मला म्हणाले, भाऊनू, पैसे घेवा, पण त्या कुत्र्यांका ह्यां भाषण पाठवू नकात.
साधा माणूस. भारावून गेला होता.

१३ जानेवारी
पैसे इंग्लंडला कसे पाठवायचे हे विचारायला बँकेत गेलो. परकीय चलनाला परवानगी लागते आणि कुत्र्यांसाठी ती कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही, असे अधिकारी म्हणाला. मी त्याला जागतिक अर्थव्यवस्था समजावून सांगितली. त्याने लंच टाइमची पाटी लावली. सकाळी साडेअकराला. या देशाचे काय होणार!

१६ जानेवारी
मुलींनी आपसातच तोडगा काढला. पैसे नाही, पांघरुणेच पाठवायची. जुनी लुगडी आणून वर्गात गोधड्या शिवतायत. वसुधाने माझीही गोधडी दिली. मला विचारले नाही. मी त्याग केला, अशी नोंद करतो.

प्रश्न पोस्टाचा. बोटीने पार्सल पोचेल तेव्हा तिकडे कुत्री उन्हात लोळत असतील. म्हणून विमानाने, आणि त्याला भरपूर पैसे लागतात. नीलाने ज्युडीला कळवून टाकले आहे की थंडी सरायच्या आत गोधड्या येतील. मी म्हणालो, इतक्या घाईने शब्द द्यायचा नसतो. ती म्हणाली, दिला. वसुधा म्हणाली, शब्द तुम्हीही देता, पण ती एकच देते.

१९ जानेवारी
एक विलक्षण घटना. ज्युडीच्या शाळेत मुले म्हणे एक दिवस मौन पाळतात आणि ते पार पडले की शेजारीपाजारी धर्मकार्याला पैसे देतात. नीला आणि तिच्या मैत्रिणी हीच कल्पना घेऊन सोसायटीत फिरल्या. कोणी दाद देईना. पोरं गप्प बसली तर बरंच आहे, पैसे कशाला द्यायचे, असा सूर.

मग श्यामसुंदरने त्यांना थांबवले आणि म्हणाला, तुम्ही नको गं, तुझे बाबा गप्प बसणार असतील तर माझं नाव आत्ता लिही.
आणि चमत्कार! अर्ध्या तासात सगळी बिल्डिंग तयार!

नीलाने मला भीत भीत सांगितले. भ्यायचे काय त्यात? लोकांना कळले आहे. सामान्य माणसाचे मौन म्हणजे नुसती शांतता. वक्त्याचे मौन म्हणजे धरणात पाणी अडवल्यासारखे. त्याला किंमत असते. मी होकार दिला. शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ.

२२ जानेवारी
प्रतिसाद वाढतोच आहे. ज्यांच्याशी मी कधी बोललोही नाही ते सी विंगचे लोक पैसे कबूल करून गेले. (माझा आवाज तिकडे पोचतो म्हणे.) केस कापणारा तयार. विक्रोळीला ऑफिसात साहेबांनी नीलाचे कौतुक केले आणि विचारले, सोमवारपासून सुरू नाही का करता येणार? वसुधाने घरखर्चातून रक्कम काढली. माझ्या कार्यात तिचा हा पहिलाच आर्थिक सहभाग. महाशिवरात्रीपर्यंत वाढवता येईल का, असेही तिने विचारले. श्रद्धाळू आहे.

२४ जानेवारी
एक अडचण. रविवारी सव्वीस तारीख. ध्वजवंदन मौनाच्या मधोमध येते. हे माझ्या लक्षात आले नव्हते. लोकांच्या आले होते. नीलाने स्पष्टच सांगितले: बाबा, सगळ्यांनी तेच धरून पैसे कबूल केलेत. सकाळी तुम्ही बोललात तर कोणी काही देणार नाही. आणि मग पार्सल नाही.

तासभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी मार्ग सापडला. मौन संध्याकाळी सहाला सुटते. सहा वाजून एक मिनिटाने पाण्याच्या टाकीवर उभा राहून तेच भाषण करायचे. अधिक उपोद्घात. लोक दिवसभर तहानलेले असतील.
नीलाला शब्द दिला. तिने हात पुढे केला आणि माझ्याकडून टाळी घेतली.

२५ जानेवारी, रात्री
मौन सुरू. अतिशय सोपे. लोक उगाच बाऊ करतात.
नंतर: वसुधा स्वयंपाकघरात गात होती. ती गाते?
आणखी नंतर: गुणाजी येऊन बसले. त्यांच्या गावातल्या नदीपासून गिरणीच्या संपापर्यंत सगळे सांगितले. दोन ठिकाणी त्यांची तारीख चुकली. मी उशी चावली. जाताना म्हणाले, भाऊनू, बरा वाटला, एवढ्या वर्षांत तुमच्याकडे बोलूक गावला नव्हता.

२६ जानेवारी, सकाळी १०
जे झाले ते तत्त्वासाठी झाले.

झेंडा फडकला. राष्ट्रगीत झाले. मी शांत. लोक माझ्याकडे पाहून हसत होते, एकाने खांद्यावर थोपटले. जिलेबीची टोपली उघडली होती, वाफ येत होती. सगळे सुरळीत. मग श्यामसुंदर पुढे आला आणि म्हणाला, दोन शब्द बोलतो. तो खरोखर दोनच वाक्ये बोलणार होता. त्यातले पहिले हे: आजच्याच दिवशी इंग्रज हा देश सोडून गेले.

प्रजासत्ताकदिनी! माझ्या समोर! मुलांच्या देखत!

मी फक्त दुरुस्ती करणार होतो. एक वाक्य. पण स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक यांतला फरक एका वाक्यात येत नाही. मग घटना समिती आली. घटना समिती आल्यावर रोम टाळणे हा इतिहासाशी द्रोह ठरला असता.

मुलुंडला पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. जिलेबी गार. श्यामसुंदर खुर्चीवर बसून मुलींना म्हणाला, आमचे पैसे वाचले.
नीला नव्हती. ती दुसऱ्याच वाक्याला वर निघून गेली होती असे कळले.

२८ जानेवारी
सकाळी नीलाला समजावले की सत्य हे गोधडीपेक्षा मोठे असते. ती वेणी घालत राहिली. संध्याकाळी समजावले. रात्री समजावले.
ती माझ्याशी बोलत नाही. एक शब्दही नाही. इतरांशी व्यवस्थित बोलते. मौन तिला माझ्यापेक्षा चांगले जमते हे मान्य करायला हवे. ताण नाही, चेहऱ्यावर आव नाही. वाखाणण्याजोगे. पण आता पुरे.

३१ जानेवारी
नुकसान भरून काढायचे ठरवले. श्यामसुंदरकडे जाऊन म्हणालो, पुन्हा मौन पाळतो, या वेळी दोन दिवस. तो म्हणाला, तुमच्यावर आता कोण पैसे लावणार, शरच्चंद्रराव? सी विंगमध्ये विचारले. दार पूर्ण उघडलेच नाही. केस कापणारा म्हणाला, साहेब, मान हलवू नका.

गोधड्या बाहेरच्या खोलीत रचून ठेवल्या आहेत. अकरा मुलींचे काम. माझी सर्वांत वर. रात्री जरा गारठा असतो. ओढून घ्यायचा मोह झाला. नीला समोर अभ्यासाला बसली होती. घेतली नाही.

४ फेब्रुवारी
पोस्टात एकट्याने चौकशी केली. माझ्या पगारातून जमेल का पाहिले. या महिन्यात जमत नाही. पुढच्या महिन्यात थंडी संपलेली असेल.
हे वसुधाला सांगितले. ती म्हणाली, हे नीलाला सांगा. मी म्हणालो, ती ऐकत नाही. वसुधा म्हणाली, ऐकते हो, बोलत नाही फक्त. तुम्हाला यातला फरक कळायला वेळ लागेल.

८ फेब्रुवारी
अंधारातून प्रकाश! सोळा तारखेला सोसायटीचा वार्षिक सत्यनारायण. परवा कमिटीला सांगून ठेवले की प्रसादानंतर मी 'मौनाचे महत्त्व' या विषयावर बोलणार. वेळेचे बंधन न घालता.

आणि आज ऐकतो तर काय, मुलींच्या पेटीत पैसे पडू लागले आहेत! वसुधाला विचारले तर म्हणाली, तुमच्या सोळा तारखेच्या भाषणाचं कळलंय ना लोकांना, म्हणून देतायत.
मला शंका होतीच. एकदा तहान लागली की लोक विहिरीकडे येतातच. आगाऊ पैसे भरून जागा धरतायत. मागच्या वेळी गप्प बसून मी स्वतःचेच अवमूल्यन केले होते.

१० फेब्रुवारी
श्यामसुंदरनेही पैसे दिले. रोख. जानेवारीत कबूल केले होते त्याच्या दुप्पट. गुणाजी जिन्यात भेटले, नीलाबद्दल म्हणाले, भाऊनू, तुमचा चेडू मोठा हुशार हा. मी म्हणालो, रक्तातच आहे. ते बराच वेळ हसत होते.
नीला अजून बोलत नाही. पण सकाळी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. बशीसकट.

१२ फेब्रुवारी
पार्सल गेले. विमानाने. मुलींनी तीन पोती शिवून पोस्टापर्यंत हातगाडी ढकलत नेली. मी मागून चालत होतो. पुढे येऊन चार शब्द बोलावेसे वाटले, पण हातगाडी थांबली नाही.

१५ फेब्रुवारी
भाषण तयार. अडीच तास, टाळ्या वेगळ्या. तोंडात सुपारी धरून गच्चीवर सराव केला. ग्रीक वक्ते खडे धरत, पण आपल्याकडचे खडे स्वच्छ नसतात. उद्या झब्बा इस्त्रीचा. पाण्याचा तांब्या डाव्या हाताला.
इतक्या लोकांनी आधीच पैसे भरून ऐकलेले हे मुलुंडमधले पहिलेच भाषण असावे.

१६ फेब्रुवारी, सकाळ
झब्बा घालत होतो. नीला दारात आली. म्हणाली, बाबा.
तीन आठवड्यांनी. मला वाटले माफी मागते आहे. मी उदारपणे हात वर केला.

ती म्हणाली, लोकांनी पैसे कशाचे दिलेत ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मीच घरोघर गेले. म्हटलं, पैसे दिलेत तर बाबा सोळा तारखेला बोलणार नाहीत. या वेळी आधीच घेतले, कारण नंतर कोणी दिले नसते. पार्सल तर पोचेल. आता तुम्ही बोललात तरी कुत्र्यांचं काही बिघडत नाही. मी शब्द दिलाय एवढंच.

मी सांगणार होतो की विचारस्वातंत्र्य असे परस्पर विकता येत नाही. याला रोममध्येही दाखला नाही. तोंड उघडलेही. ती दाराला टेकून उभी होती. बोटांना सुया टोचल्याच्या खुणा, शाई लागावी तशा. ती वाट पाहत होती, आणि मी काय करणार हे तिला खरोखरच माहीत नव्हते.
झब्बा काढून ठेवला.

रात्री
पूजा झाली. प्रसाद चांगला होता, तूप सढळ. प्रसादानंतर श्यामसुंदरने माझ्याकडे पाहिले, सगळ्यांनीच पाहिले. मी शिरा खात राहिलो. मग मुलांनी कॅरम काढला. भाषण झाले नाही.
कोणी विचारले तर घसा बसलाय असे सांगायचे ठरवून ठेवले होते. गळ्याला मफलरही गुंडाळला होता.
कोणी विचारले नाही.