या म्हटलं म्हणून

३ मार्च २००१, डोंगरकडा
इथे नेमणूक झाली ते बरं झालं. मिशनच्या दवाखान्यामागे दोन खोल्या, पुढे ओसरी, समोर केळीचे मळे. शेजारच्या रहिमाबी भाकरी-ठेचा घेऊन आल्या. म्हणाल्या, नर्सबाई, सुई हळू टोचा, न्हाई तर भाकरी वापस नेईन. मी हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

९ मार्च
तांड्यावरच्या भिकाबाईंनी पोराला बैलगाडीतून आणलं. कावीळ, पोट फुगलेलं. नाव रणजीत. मी ओळखलं, त्यानेही. वसमत रस्त्यावर याच्याच जीपखाली माझे यजमान सायकलसकट गेले. नंतरच्या रविवारी चर्चमध्ये मी मंडळीपुढे उभी राहून म्हटलं होतं, मी त्याला क्षमा केली. पाळकसाहेब रडले. मला काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाही.
सलाईन लावलं. शीर लगेच सापडली.

१० मार्च
रणजीत म्हणाला, बाई, चर्चमदी तुमी माफ केलं म्हणून ऐकलं. एकडाव माझ्या तोंडावर म्हणा. मी थर्मामीटर झटकत राहिले.
दुपारी त्याला नांदेडला हलवलं. गाडीत ठेवताना म्हणाला, येतो बाई. सवयीने माझ्या तोंडून गेलं, या.
वाटेतच वारला.

१४ मार्च
भर दुपारी ओसरीवरच्या बाकावर कोणी बसलं होतं. पेशंट समजून पाणी घेऊन गेले. रणजीत. डोळे पिवळे. पाणी घेतलं नाही. मी आत येऊन सुया उकळत ठेवल्या.

१५ मार्च
परत आला. रहिमाबींना सांगितलं. त्या ओरडल्याच, मरणाऱ्याला कोणी या म्हणतंय का? काहून म्हणल्या तुमी? आता जा म्हणा!
बाकापुढे जाऊन जा म्हटलं. तो हलला नाही. मग माफ केलं असंही म्हटलं. 'पुढचा पेशंट' म्हणते त्याच आवाजात. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

१९ मार्च
भिकाबाई आल्या. म्हणाल्या, पोरगं रोज तांड्यावरून जाताना दिसतं, हाक मारली तर मागं बघत न्हाई. माझ्या दारी न्हाई, तुमच्या दारी येऊन राहिलं. लेकराला सोडा, बाई. त्यांनी पाय धरले. मी त्यांना उठवलं आणि बी.पी. तपासलं.

२२ मार्च
आज तो एकटा नव्हता. सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला, आणि — हे. कपाळ फुटलेलं, तसंच. यांनीच रणजीतला हाताला धरून बाकावर बसवलं. रोज हेच आणत असणार.
हाक मारली. माझ्याकडे पाहिलं नाही.

२३ मार्च
खरंच माफ केलं तर रणजीत जाईल. मग यांना इथे यायचं कारण उरणार नाही.
म्हणणारच नाही मी.

२४ मार्च
आता आत आले आहेत. दोघंही. रणजीतला बसवत नाही — पोट — भिकाबाई बाहेर उंबऱ्यावर डोकं आपटताहेत. त्यांना आत दिसतंय.
यांनी पाहिलं माझ्याकडे. म्हणाले, म्हण गं.
फार थकलेत हे. त्याला धरून धरून —
तोंडातून निघत नाही. लिहून बघते —
रणजीत, मी तुला