गल्लीने लावलेली नोकरी

१२ जाने. ८१, सोम.
एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये कार्डाचं नूतनीकरण करायला गेले होते. फळ्यावर नवीन सूचना. पदवीधर बेकारांना दरमहा भत्ता मिळणार! अटी दोनदा वाचल्या. पदवी हवी. आहे. कार्ड जुनं हवं, नूतनीकरण चुकलेलं नको. माझं एकदाही नाही, तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा गेले होते. घरचं उत्पन्न कमी हवं. बाबांच्या मिलची कृपा, निम्मे दिवस कामच नसतं. आणि नोकरी नको. आजवर प्रत्येक जाहिरातीत मी कुठेतरी कमी पडले. वय, अनुभव, स्पीड. पण नोकरी नसणं हीच पात्रता म्हटल्यावर माझ्यापुढे कोण टिकतंय!
भत्ता मिळाला तर टायपिंगचा क्लास चालू राहील. नाहीतर या महिन्यानंतर बंद, हे बाबांशी बोलून झालंय. आणि आता कुठे हात बसायला लागलाय.

१३, मंगळ
अर्ज दिला!! खिडकीतले बाबू म्हणाले, "घरी चौकशी होईल. शेजाऱ्यांना विचारतील, खरंच बेकार आहात का म्हणून." म्हटलं, खुशाल विचारा. साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. मी बी.ए. झाले तेव्हा मायने गल्लीला जेवू घातलं. तेव्हापासून नळावर रोज एकच प्रश्न, "लागली का वं पोट्टी कुठं?"
घरी सांगितलं नाही. मंजूर झालं की एकदम सांगणार. मायचं तोंड बघायचंय.

२०, मंगळ
क्लासमध्ये आज एकही चूक नाही. इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानावरची खोली, खाली पातेली आपटतात, वर आम्ही. सर "हं" म्हणाले. सरांचं हं म्हणजे पुष्कळ.
घरी आले तर माय ठेवणीतलं लुगडं नेसून दारात. शेजारच्या शेवंताकाकू आत बसलेल्या, दोघी नुसत्या हसताहेत. मला वाटलं, भत्त्याचं पत्रच आलं. "पहिले च्या पी," माय म्हणाली. शेवटी काकूच फुटल्या, "पाहुणे येऊन गेले. तुह्यासाठी."
पन्नाशीचे, चष्मा, सायकलीला बॅग. गल्लीच्या तोंडाशी विचारत होते, विमल कुठे राहते, काय करते, कमावते का. अनोळखी माणूस मुलीबद्दल असं विचारतो म्हणजे मुलाचा बाप. आमच्या गल्लीत याला दुसरा अर्थच नाही. काकूंनी खुर्ची दिली. "म्या सांगतलं, मोठ्या हापिसात हाये. दहाले जाते, पाचले येते, पगार भरपूर. उगाच कमी काहून सांगू?" पानठेलेवाल्या गणपतनेही मान डोलावली. मायने पोहे केले, माझा पदवीचा फोटो दाखवला.
"काही बोल्ले नाही वं. निरे लिवून घेत होते," माय म्हणाली. "चांगलंच लिवलं असंन."
मी कप खाली ठेवला. मग पाहुणे म्हणजे भत्त्याच्या चौकशीचे साहेब, हे मी सांगितलं. मायने माझा फोटो परत पेटीत ठेवला. काकू उलट त्यांच्यावरच चिडल्या, "मंग पहिले सांगाचं नाही का त्यानं!" मी हसायला लागले ते थांबेच ना. शेवटी रडले.

२१, बुध
एक्स्चेंज. माझ्या अर्जावर शेरा पडलाय, नोकरीत आहे, शेजाऱ्यांनी सांगितलं. तपासनीस तिथेच होते. मुलाचा बाप वगैरे सगळं सांगून टाकलं. हसले नाहीत. "पोहे चांगले होते. पण मी ऐकलं ते लिहिलं." खूप गयावया केली. पुढच्या मंगळवारी पुन्हा येतो म्हणाले, शेवटचं. बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. अजून गेलेलं नाही!

२४, शनि
सगळी गल्ली तयारीला लागलीय. काकूंनी नळावर प्रत्येकीला बजावलं. गणपत म्हणतो, "ताई, उपाशी मरून राहिली म्हणून सांगू का?" म्हटलं बाबा रे, आहे तेवढंच सांग.
माय मात्र नळावरही जात नाही. आज भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी बेकार हाये असं माह्या तोंडानं कसं म्हणू वं? त्यासाठी शिकवलं का तुले?" म्हटलं, तू नको बोलू, काकू बोलतील.

२७, मंगळ
आले. मला आत बसायला सांगितलं. दाराआडून सगळं ऐकलं.
काकूंनी सुरुवात झकास केली. "नोकरी नाही साहेब, अजिबात नाही." मग राहवेना. "पण स्वयंपाक असा करते नं..." मी कपाळावर हात मारून घेतला.
तपासनिसांनी शांतपणे विचारलं, "त्या दिवशी खोटं बोललात की आज बोलताय?"
शेवंताकाकू गप्प बसलेल्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.
तेवढ्यात मायचा आवाज. गल्लीच्या मध्ये उभी राहून, पदर खोचून. "तवा खोटं बोल्लो साहेब. मी बी. तुमाले पाहुणे समजलो. माही पोरगी बी.ए. हाये अन् बेकार हाये. सकाळी जाते ते शिकाले जाते, कमवाले नाही. हे मी आजवर कोणाले म्हटलं नाही. आता सर्‍यांच्या समोर म्हणून राहिली, लिवून घ्या."
तपासनिसांनी बराच वेळ लिहिलं. पोहे खाणार का विचारलं तर आज नको म्हणाले, नुसतं पाणी घेतलं. "कळवू."
काय लिहिलं ते दिसलं नाही. मायजवळ जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "चाल, भांडे पडले हायेत."

३१, शनि
पत्र नाही.
सकाळी नळावर कोणीतरी नेहमीचं विचारलं. माय घागर भरता भरता म्हणाली, "नाही लागली. लागली की सांगीन." आवाज खणखणीत. मी घरातून ऐकला.
क्लासचा महिना आज संपला. निघताना सरांनी विचारलं, "सोमवारपासून येणार ना?"
म्हटलं, येणार. कशाच्या जोरावर म्हणाले देव जाणे. शेवंताकाकूंचा गुण लागला, दुसरं काय. जिना उतरेपर्यंत मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.