कोरड्या तलावातल्या राण्या

सोमवार, ३ मार्च

एकशे बारा फोटो. एकावरही नाव नाही!

ऑपेराघराच्या तळघरात पाइप फुटला. फोटो वाचले, पण मागे चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला. आता कुठला फोटो कुठल्या ऑपेराचा, हे शोधायचं कुणी? मी! जिला ऑपेरातलं ओ की ठो कळत नाही. नोकरीला दोन महिने झालेत, तीही तात्पुरती. व्यवस्थापकबाईंनी शांतपणे सांगितलं — बावीस तारखेला प्रदर्शन, तोवर ज्यांना नाव मिळणार नाही ते फोटो टाकून द्यायचे. माझं काय, ते बोलल्या नाहीत. समजलं.

आणि फोटो तरी कसे? राजवाडा नाही, मुकुट नाही. एकात पोहण्याचा कोरडा तलाव, त्यात पांढरे आंघोळीचे झगे घातलेली नऊ माणसं. एकात ऑफिस. एकात अंतराळवीर भांडी घासतायत! गोष्ट जुनीच, पण मांडणी आजची — म्हणे अशीच पद्धत आहे. डोकं धरून बसले.

मंगळवार, ४ मार्च

नवरा बोटीवर, अजून पाच महिने. घरात मी आणि सासरे, म्हणजे बाबा. आमचं बोलणं म्हणजे चहा ठेवू का, जेवलात का. ते याच ऑपेराघरात एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होते, पण निवृत्त झाल्यापासून तो विषय त्यांनी कधी काढला नाही. आज धीर करून विचारलं.

"मी एकही ऑपेरा पाहिलेला नाही," म्हणाले.

वाटलं, चिडले. मग हळूहळू उलगडलं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खड्डा, वर टोपीसारखं झाकण. त्यात बसून गाणाऱ्यांना पुढची ओळ कुजबुजायची. तिथून दिसणार काय? पाय. मान वर केली तर तोंडं. बाकी सगळं प्रेक्षकांचं.

फोटोंच्या प्रती आणते म्हटलं. नको म्हणाले नाहीत!

बुधवार, ५ मार्च

आज जे झालं ते लगेच लिहून ठेवायला हवं.

तलावाचा फोटो बाबांच्या हातात दिला. त्यांनी मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "कपडे, सामान सोडून दे. पाय सांग."

मी सांगत गेले. कुणाचे अनवाणी, कुणाचे सपाता घातलेले. मधे दोन बायका. एकीच्या दोन्ही पायांत लाल जोडे.

"दुसरीच्या?" बाबांनी विचारलं.

दुसरीच्या… फक्त डाव्या पायात, आणि उजवा पाय तिनं मागे लपवलाय!

बाबा हसले. मी या घरात आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, दोन राण्या, मुकुट एक. तिसऱ्या अंकात धाकटी थोरलीच्या उजव्या पायातला जोडा चोरते. मूळ नाव परक्या भाषेतलं, हातभर लांब. माझी जीभ वळेना, म्हणून आम्ही घरगुती नाव ठेवलं — 'जोडेचोर राणी'.

शिवणखात्यातल्या जुन्या बाईंना फोन करून खात्री केली. त्या म्हणाल्या, ते नऊ झगे मीच शिवले होते, काखेत फार घट्ट झाले म्हणून सगळे ओरडत होते. बरोबर! बरोबर! बरोबर!

गुरुवार, ६ मार्च

अकरा फोटो झाले. भाजी करपली.

सोमवार, १० मार्च

ऑफिसचा फोटो. संगणक, फायली, कोपऱ्यात झेरॉक्सचं मशीन. पाय सांगितले, काही उपयोग नाही. बाबांनी विचारलं, माणसं सरळ उभी आहेत का? मी नीट पाहिलं. सगळी थोडी थोडी डावीकडे कललेली! खुर्च्या सरळ, टेबलं सरळ, माणसं तेवढी कललेली.

"मग ती होडी आहे," बाबा म्हणाले.

नावाडी एका नवरीला लग्नासाठी पैलतीरी नेतो, काठ येतो आणि नवरी उतरतच नाही — ती गोष्ट. अख्खं ऑफिस पाण्यावर डोलत होतं आणि मी आठवडाभर त्यात झेरॉक्स मशीन बघत होते!

बुधवार, १२ मार्च

बाबा फार चिकित्सक आहेत. "तोंड उघडं आहे" चालत नाही. किती उघडं? ओठ गोल की लांबट? दात दिसतात का? सुरुवातीला वैताग यायचा. आता बसमध्येही समोरच्यांची तोंडं, बूट बघत बसते. एका बाईंनी पर्स घट्ट धरली.

आमचा चहा आता तासभर चालतो. आज त्यांनी सांगितलं, एक जाडजूड गायक प्रत्येक प्रयोगाला एकाच ओळीवर अडायचा आणि ओळ मिळाली की बुटाचं टोक हळूच दोनदा आपटायचा. आभार मानायचा म्हणे. एकतीस वर्षांत आभार मानणारा तो एकटाच.

शनिवार, १५ मार्च

आज मी ओळखला!! एकटीनं!

सुपरमार्केट. सामानाच्या ढकलगाडीत बसलेली बाई, मांडीवर बॅग. गाडी गल्ल्याशी पोचलीय, सगळे वाट बघतायत, ती मात्र गाडीची कड घट्ट धरून बसलीय. मी बाबांना सांगता सांगताच थांबले. नवरी! उतरत नाहीये! तोच नावाड्याचा ऑपेरा, फक्त दुसऱ्या वर्षीचा!

बाबांनी बुटाचं टोक दोनदा आपटलं.

बुधवार, १९ मार्च

एकशे नऊ. उरलेले तीन कशाचे, कुणालाच कळेना. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, ते तीन 'ओळखा पाहू' म्हणून लावू. टाकायचे नाहीत! आणि जाता जाता म्हणाल्या, कायम करण्याचं पत्र सोमवारी मिळेल. जिन्यात जाऊन रडले.

शनिवार, २२ मार्च

प्रदर्शन. बाबांनी कोट घातला. केवढी गर्दी! दारातच भिंतभर मोठा केलेला एक फोटो — अंतराळवीर आणि भांडी. व्यवस्थापकबाईंनी पाहुण्यांना सांगितलं, ही सगळी नावं देणारे हेच, आणि बाबांना विचारलं, हा कुठला ऑपेरा?

बाबा भिंतीसमोर उभे. फोटो एवढा की पलीकडच्या फुटपाथवरून दिसावा. ते माझ्याकडे मान वळवून हळूच म्हणाले, "सूनबाई, पाय सांग."

लोक हसले, त्यांना ती गंमत वाटली. मला नाही वाटली. बाबांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी होती. मी त्यांचा हात धरला आणि सांगायला लागले. दहा जड बूट. नऊ जमिनीवर टेकलेले, एक वर उचललेला. तोंडं सगळी बंद, एका पोरगेल्या बाईचं गोल उघडं. बाबांनी नाव सांगितलं. टाळ्या थांबेचनात.

मी मात्र त्यांचा हात सोडला नाही.

सोमवार, २४ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर जाऊन दोन वर्षं तरी झाली असतील. दोन्ही डोळ्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. मुलाला कळलं तर तो बोट सोडून येईल म्हणून बाबा बोलले नाहीत.

रिक्षात मी विचारलं, मग ते एकशे नऊ फोटो?

"ते मी सगळे पाहिले," बाबा म्हणाले. "तू सांगितलेस ना."